त्या गाण्यात आजीचा आवाज नाही

माझ्याकडे एक कॅसेट आहे, १९९३ च्या मे महिन्यातली. ठाण्यात चरईतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात टीव्हीच्या स्पीकरसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवून, 'रेकॉर्ड' आणि 'प्ले' ही दोन्ही बटणं एकदम दाबून मी एक इंग्रजी गाणं उतरवून घेतलं होतं. सुरुवातीचे काही सूर हुकलेत, कारण गाणं ओळखून बटणापर्यंत पोचायला तेवढा वेळ गेला. आणि दुसरं कडवं संपून वाद्यं क्षणभर थांबतात, तिथे आजीचा आवाज येतो, "अगं, दूध बघ!" मग माझी धावती पावलं, गॅसच्या बटणाचा खटका, आणि गाणं आपलं पुढे चालूच.

तेच गाणं आता फोनवर हवं तेव्हा ऐकता येतं. स्वच्छ, पूर्ण, हुकलेल्या सुरांसकट. ते ऐकताना दुसरं कडवं संपलं की दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडतो. तिथे आजी बोलत नाही.

या हुरहुरीचं शास्त्र मला समजून घ्यायचं होतं. पण त्याआधी ते गाणं आमच्या घरात आलं कसं हे सांगायला हवं, कारण ती गोष्टही विलक्षण आहे.

ते लागलं होतं एमटीव्हीवर, दिवसभर गाणी दाखवणाऱ्या चॅनेलवर. एमटीव्ही अमेरिकेत सुरू झालं १ ऑगस्ट १९८१ ला. आशियात ते आलं १९९१ मध्ये, स्टार टीव्हीच्या पहिल्या पाच चॅनेलांपैकी एक म्हणून, आणि ज्या उपग्रहावरून आलं त्याचं नाव एशियासॅट-१. हा उपग्रह मुळात वेगळ्याच नावाने बनला होता, वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून त्याला सोडलं, पण त्याला वर ढकलणारं रॉकेट नीट पेटलं नाही आणि तो खालच्याच, निरुपयोगी कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानातले अंतराळवीर जोसेफ ॲलन आणि डेल गार्डनर यांनी यानाबाहेर पडून त्याला आणि त्याच्यासारख्याच भरकटलेल्या पालापा बी-२ या दुसऱ्या उपग्रहाला पकडलं आणि पृथ्वीवर परत आणलं. काम फत्ते झाल्यावर दोघांनी 'विकणे आहे' अशी पाटी हातात धरून अवकाशात फोटोही काढला. वेस्टार खरोखरच विकला गेला, दुरुस्त झाला आणि एप्रिल १९९० मध्ये चिनी रॉकेटवर बसून पुन्हा वर गेला. आमच्या घरातली ती सगळी गाणी या वाचवून आणलेल्या उपग्रहावरून येत होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, १०५.५ अंश पूर्व रेखांशावर उभा होता. उभा म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याच्याच गतीने फिरणारा, त्यामुळे इथून पाहिलं तर जागचा न हलणारा. ठाण्यातून ती दिशा आग्नेयेला, पण पूर्वेकडे झुकलेली. मागच्या इमारतीच्या गच्चीवर केबलवाल्याची जाळीची भली मोठी डिश होती. आम्ही तिला छत्री म्हणायचो. ती कायम पारसिकच्या डोंगरावरच्या आभाळाकडे तोंड करून असायची. जाळीला भोकं असूनही ती चालायची, कारण उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची लांबी सात-आठ सेंटीमीटर होती आणि भोकं त्यापुढे फारच बारीक. लहरींच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे अखंड पत्राच. उपग्रहाकडून एका चॅनेलसाठी निघणारी ताकद झिरोच्या बल्बाहूनही कमी. ती अर्ध्या खंडावर पसरून आमच्या गच्चीवर पोचेपर्यंत इतकी क्षीण व्हायची की छत्रीभर गोळा करून, मध्यभागी एका ठिकाणी आणून, मोठी करावी लागायची. तिथून काळी वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर, वाटेत बूस्टर, आणि मग आमच्या खिडकीच्या गजातून आत. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी दहाच्या सुमारास सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे यायचा आणि काही मिनिटं पडद्यावर नुसत्या मुंग्या. सूर्याच्या स्वतःच्या रेडिओ लहरींपुढे त्या बिचाऱ्या काही वॅटांचं काय चालणार! केबलवाल्याला फोन करून उपयोग नव्हता, पण शेजारचे काका करायचेच.

आता डोक्यातल्या वायरीकडे वळू.

माणसाला आयुष्यातला कोणता काळ जास्त आठवतो याचा आलेख काढला तर साधारण दहा ते तीस या वयात एक उंचवटा दिसतो. तेव्हा पुष्कळ गोष्टी पहिल्यांदाच घडत असतात आणि आपण कोण हे तेव्हाच ठरत असतं, ही त्याची नेहमी दिली जाणारी कारणं. गाण्यांच्या बाबतीतही हा उंचवटा दिसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पेत्र यानाता यांनी २००९ मध्ये तरुणांना त्यांच्या आठ ते अठरा या वयातल्या गाण्यांचे तुकडे ऐकवून मेंदूची प्रतिमा घेतली. ज्या गाण्यांशी स्वतःची आठवण जोडलेली होती, ती वाजताना कपाळामागचा, मेंदूच्या मधल्या रेषेलगतचा भाग जास्त कामाला लागलेला दिसला. आपण स्वतःबद्दल विचार करतो तेव्हाही हाच भाग जागा असतो.

पुष्कळ जण इथेच थांबतात: तुमचं वय तेव्हा तेरा होतं, म्हणून ती गाणी गोड. मला हे उत्तर अर्धंच वाटतं. त्याच वयात रेडिओवर ऐकलेली कितीतरी गाणी मला प्रिय आहेत, पण त्यांच्या बाबतीत मला हा पोटातला खड्डा जाणवत नाही. टीव्हीवरच्या त्या गाण्यांची तऱ्हाच वेगळी होती. पुढचं गाणं कोणतं हे कुणालाच ठाऊक नसायचं. शाळेतून आल्यावर दप्तर न काढता मी टीव्हीसमोर बसायचे. चार नको असलेली गाणी, मग जाहिराती, मग आणखी दोन. आणि पाचव्या दिवशी कधीतरी, उठता उठता, ते.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर केलेले प्रयोग इथे कामाला येतात. माकडाला अवचित फळांच्या रसाचा थेंब मिळाला की मेंदूतल्या डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशी एकदम सक्रिय होतात. रसाआधी दर वेळी दिवा लावला, तर काही दिवसांनी त्या पेशी दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागतात आणि रस आला तरी शांत राहतात, कारण तो आता अपेक्षितच आहे. दिवा लागला पण रस आलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी त्यांची हालचाल नेहमीच्याही खाली जाते. मेंदू सतत पुढचं भाकीत करतो आणि भाकीत नि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतो. या फरकातूनच तो शिकतो.

गाण्यालाही हे लागू पडतं. मॉन्ट्रियलमध्ये केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना त्यांचं सर्वात लाडकं संगीत ऐकवलं. अंगावर काटा येण्याच्या क्षणी डोपामाइन सुटत होतंच, पण त्याच्या आधीच्या काही सेकंदांतही, मेंदूच्या वेगळ्या भागात, ते सुटत होतं. अर्थात ती जागा जवळ येते आहे हे कळल्यामुळेच.

दूरदर्शनच्या एक-दोन वाहिन्यांवर वाढलेल्या आमच्या डोक्यांना एमटीव्हीने दिवसभर असं भाकीत करायला लावलं. हवं तेव्हा बटण दाबून तेच गाणं लावलं की गाण्याच्या आतला सुरांचा उलगडा तसाच राहतो, पण बाहेरचं ते अवचित मिळणं नाहीसं होतं. मला जी हुरहूर लागते ती त्या वाट पाहण्याची आहे, असं मी आता ठामपणे म्हणेन.

आणि आजीचं वाक्य? ती कॅसेट मी शेकडो वेळा ऐकली. माझ्या मेंदूला ठाऊक असलेल्या गाण्यात आजी आहे. कडवं संपतं, मेंदू तिच्या आवाजाची तयारी करतो, आणि तिथे शांतता येते. माझ्या डोक्यात कुणी तारा लावून पाहिलेलं नाही, पण शुल्त्स यांच्या माकडांना न आलेल्या रसाच्या क्षणी जे होत होतं, त्याच्या फार जवळचं काहीतरी त्या शांततेत होत असावं. आठवण म्हणजे आपण मागे पाहणं, असं आपण धरून चालतो. इथे मात्र मेंदू पुढे पाहत असतो, आणि पुढे आजी नसते.

१९९४ मध्ये एमटीव्ही आणि स्टार यांची फारकत झाली, त्याच्या जागी चॅनेल व्ही आलं, १९९६ मध्ये एमटीव्ही भारतासाठी वेगळं होऊन परत आलं. तोवर आमच्याकडे दुसरा टीव्ही आला होता आणि आजी गेली होती.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कॅरल क्रुमहान्सल यांनी २०१३ मध्ये विशीतल्या मुलांना गेल्या पाच-सहा दशकांतली गाणी ऐकवली. त्यांच्या स्वतःच्या काळातल्या गाण्यांना आठवणी चिकटलेल्या होत्याच, पण त्यांचे आईवडील तरुण होते त्या काळातल्या गाण्यांनाही ठळकपणे होत्या. घरात कानावर पडलेलं मुलांच्या आठवणीत आपली जागा करून घेतं.

दोन वर्षांपूर्वी दादाने ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून दिली. माझी लेक तेरा वर्षांची आहे आणि तिने मूळ गाण्याआधी हे, आमच्या घरातलं गाणं ऐकलं. परवा संध्याकाळी तलावपाळीवर चालताना ती ते गुणगुणत होती. दुसरं कडवं संपलं, ती थांबली, आणि कधीच न पाहिलेल्या पणजीच्या सुरात म्हणाली, "अगं, दूध बघ!" आणि पुढचं कडवं गाऊ लागली.