पाणअस्वलांची नळी आणि जात ओळखण्याची पंचाईत

पाणअस्वल म्हणजे टार्डिग्रेड हा मॉसमध्ये सापडणारा सूक्ष्म प्राणी अमर असतो, असा मेसेज पावसाळ्यात हमखास फिरतो. साफ खोटं आहे. रॅमॅझोटियस हा त्यांचा एक प्रकार, चिवट मानलेला. त्यातलेसुद्धा ओले, चालतेफिरते प्राणी 37 अंशांच्या पाण्यात 24 तासांत जवळजवळ निम्मे मरतात. टिकतो तो वाळून गोळा झालेला जीव, बऱ्याच जातींत तोही सावकाश वाळला तरच.

मुंबईत चाळीच्या कठड्यावर, कंपाउंडच्या भिंतीवर मॉस सहज मिळतं. रुपयाएवढा तुकडा कागदी पाकिटात वाळवा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. मग रात्रभर पावसाच्या पाण्यात भिजवून सकाळी पिळा आणि तळाचा गाळ 40 पट मोठा करून बघा. नशिबाने एक अर्ध्या मिलिमीटरचं आणि एक त्याच्या निम्मं सापडलं, तर जाती दोन का?

लांबीवरून सांगता येत नाही. उपाशी प्राणी आखडतो, अंडी धरलेला फुगतो, काचेखाली चेपला की पसरतो. चेपूनही बदलत नाही ती तोंडापासून घशापर्यंतची कडक नळी. म्हणून प्रत्येक अवयवाची लांबी नळीच्या लांबीने भागून 100 ने गुणायची. नळी 40 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), नखी 12, तर उत्तर 30. पिल्लाची नळी 25 आणि नखी 7.5, तरीही 30! मात्र काही अवयव नळीपेक्षा वेगाने वाढतात, त्यांचा आकडा वयाबरोबर सरकतो. त्यासाठी लहानमोठे मिळून 30 तरी प्राणी मोजावे लागतात. आणि कात टाकताना ही नळीच बाहेर फेकली जाते! नवी तयार होईपर्यंत त्या प्राण्याला तोंडच नसतं. तो मोजू नये.

हुबेहूब दिसणारे प्राणीही वेगळ्या जातींचे निघतात, तिथे डीएनए लागतो. एकाच प्राण्याचं आतलं मऊ शरीर विरघळवून डीएनए काढतात आणि उरलेलं पारदर्शक कवच स्लाइडवर चढवतात. ज्याच्या डीएनएची अक्षरं वाचली, त्याचीच नखी मोजता येते. मला यातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते. मात्र पोटातल्या शेवाळाचा, अंगावरच्या जिवाणूंचा डीएनएही सोबत वाचला जातो. 2015 मध्ये पाणअस्वलाची सहाव्या हिश्श्याएवढी जनुकं परकी असल्याचा गाजावाजा झाला. 2016 मध्ये कळलं, त्यातली बहुतेक नमुन्यात मिसळलेल्या जिवाणूंची होती.

जातीच्या आतला फरक जिवावरही बेततो. बंगळुरूच्या मॉसमधलं तांबूस पाणअस्वल अतिनील प्रकाशात निळं चमकतं आणि जीवघेण्या माऱ्यातून वाचतं. त्याच जातीतले फिक्या रंगाचे प्राणी त्या माऱ्यानंतर लवकर मेले.