पाळणाघरासाठी फक्त बायका मोजायच्या नसतात

‘आपल्याकडे तीस बायका तरी आहेत का? मग पाळणाघर कसलं मागता!’ कंपनीकडून हे उत्तर ऐकून कितीतरी जणी गप्प बसतात आणि पगारातला मोठा वाटा दर महिन्याला खासगी पाळणाघरात भरतात. पण हे उत्तर चुकीचं आहे.

तीसचा आकडा आला १९४८ च्या कारखाने कायद्यातून. तिथे तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तरच पाळणाघराची सक्ती होती. म्हणजे तिसावर बायकांची भरती थांबवली की मालक मोकळा! २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. कर्मचारी म्हणजे बाई-पुरुष सगळे. चाळीस पुरुष आणि दहा बायका असल्या तरी पन्नास भरतात. आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही आकडा पन्नासच आहे.

आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं, विश्रांतीची सुट्टी त्यातच धरून. दुपारी एकदा पाजून आलं की उरलेला दिवस कामात किती लक्ष लागतं, हे कुठल्याही आईला विचारा.

एक गोष्ट मात्र खरी. २०१७ च्या कलमात सोय द्या म्हटलं होतं, फी कोणी भरायची हे लिहिलेलं नव्हतं. म्हणून एचआरला लेखी विचारा: पाळणाघर कुठे आहे, आणि पैसे कोण देणार?