कमांडोचा डायरेक्ट फॉर्म का निघत नाही: थोडी पार्श्वभूमी

ठाण्यात साकेत मैदानाकडे किंवा इकडे खारघर-बेलापूरला पहाटे पाच-साडेपाचला गेलात तर भरतीची पोरं पळताना दिसतातच, आणि जवळच कुठल्या तरी अकॅडमीचा फ्लेक्स लटकत असतो. फ्लेक्सवर मरून टोपीवाला (पॅराशूटचा सैनिक), काळ्या डांगरीतला ब्लॅक कॅट (एनएसजीचा कमांडो) आणि दाढीवाला मार्कोस (नौदलाचा कमांडो) असे तिघं एकाच फोटोत, खाली 'पोलीस, अग्निवीर, कमांडो'. मग पोरं विचारणारच की कमांडोचा फॉर्म कधी निघतो. तर तो निघत नाही, एक अपवाद आहे तो पुढे येईल. पण का निघत नाही हे समजायला थोडं मागे जावं लागतं. भरतीच्या मैदानी चाचणीतलं १६०० मीटर, बीम, नऊ फुटी खड्डा हे इथल्या पोरांना तोंडपाठ असतं, त्यामुळे ते सरळ सोडून देतो.

अगदी जुनं म्हणजे १९४१ ला दिल्लीत उभी राहिलेली पॅराशूट ब्रिगेड आणि १९५२ ला झालेली पॅराशूट रेजिमेंट. त्या रेजिमेंटच्या पहिल्या तीन पलटणी पंजाब, मराठा आणि कुमाऊँ अशा तीन रेजिमेंटांमधून आल्या, त्यातली मराठ्यांची ती २ पॅरा. १९७१ च्या ११ डिसेंबरला आताच्या बांगलादेशात टांगाईलला उतरली ती हीच. पण हे सगळे उडी मारणारे सैनिक, आपण ज्याला कमांडो म्हणतो ते नाहीत. तो प्रकार सुरू झाला १९६५ च्या युद्धात आणि तोही कागदावर काहीच नसताना. गार्ड्स या पायदळ रेजिमेंटच्या एका मेजरसाहेबांनी वरिष्ठांना जाऊन सांगितलं की मला थोडी माणसं द्या, मी शत्रूच्या मागे जाऊन गोंधळ घालतो. वेगवेगळ्या पलटणींतून स्वेच्छेने आलेली माणसं त्यांनी घेतली, ना ठरलेली परीक्षा ना प्रोबेशन (कसोटीचा काळ), साहेबांच्या नजरेत भरला तो आत. त्या तुकडीला मेघदूत फोर्स म्हणतात. काम चांगलं झालं म्हणून १ जुलै १९६६ ला रीतसर पलटण उभी राहिली, ९ पॅरा कमांडो, आणि पुढच्याच वर्षी तिच्यातून १० पॅरा वेगळी काढली, एक डोंगरासाठी आणि एक वाळवंटासाठी. ७१ च्या युद्धात ९ ने मंढोलला शत्रूच्या तोफा उडवल्या, १० ने पाकिस्तानातल्या छाछरोपर्यंत धडक मारली.

म्हणजे सुरुवातीपासूनच रस्ता हा होता: आधी तू सैनिक हो, तुझ्या पलटणीत काम कर, मग हात वर कर. पहिली तुकडी लढाई चालू असताना, वर्दीत असलेल्या माणसांतूनच बनली, आणि नंतर जे नियम झाले ते त्याच सवयीचे झाले. ऑफिसर लोकांना आणि आता भरती झालेल्या पोरांनाही ट्रेनिंग संपता संपता पॅराशूट रेजिमेंटसाठी नाव देता येतं हे खरं, पण तेही सैन्याच्या दारातून आत आल्यावर.

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्यावर फौजेतले लोक आजही दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलतात तो म्हणजे अख्खी पलटण कन्व्हर्ट करणं. १९७८ ला प्रयोग म्हणून १ पॅरा ही नेहमीची उडी मारणारी पलटण कमांडो केली. इथे माणूस एकेक करून आला नाही, पलटण आधीपासून होती, तिचे सुभेदार, तिचं लंगर, तिचा मान सगळं होतं आणि काम बदललं. पण ती निदान पॅराशूटचीच होती. १९९६ ला त्याच्या पुढची पायरी झाली, २१ मराठा लाइट इन्फंट्री या सरळ पायदळाच्या पलटणीची २१ पॅरा स्पेशल फोर्सेस (एसएफ, म्हणजे आताचे कमांडो) झाली, पूर्वेकडच्या जंगलासाठी. वाघनख म्हणतात ती हीच.

ह्यावरचा आक्षेप सोपा आहे आणि खोटाही नाही. असली पलटण घाऊक बनवता येत नाही, माणूस निवडून घ्यायचा असतो, आठशे माणसांना सकाळी फॉल-इनमध्ये उभं करून उद्यापासून तुम्ही स्पेशल असं सांगता येत नाही. जो पायदळात जायचं म्हणून भरती झाला त्याने कमांडो व्हायला कधी होकार दिला? आणि आकडा भरायचा म्हटलं की कुठेतरी माप ढिलं होणार ही भीती. पुढे २००० नंतर आणखी पॅरा पलटणी एसएफ होत गेल्या, २ पॅरासुद्धा, तेव्हा हेच सगळं परत बोललं गेलं, की संख्या वाढली पण हत्यारं, हेलिकॉप्टर, ट्रेनिंगच्या जागा तेवढ्या वाढल्या का.

दुसरी बाजू अशी की कन्व्हर्ट म्हणजे नुसती पाटी बदलणं नसतं. पलटणीत आधीपासून असलेल्यालाही परत प्रोबेशन द्यावं लागतं, उडी मारावी लागते, जमलं तो राहतो, नाही जमलं किंवा नकोच असेल तो आपल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत जातो. ह्यात वाईट वाटायची गोष्ट आहेच, कारण दहा-बारा वर्षं एका पलटणीत काढलेल्या हवालदाराला चाळिशीकडे झुकताना विशीतल्या पोरांबरोबर पिठ्ठू (पाठीवरचं जड ओझं) लावून पळवणं आणि नाही झालं तर पेटी उचल म्हणणं सोपं नसतं. पण फायदा असा की एकमेकांना ओळखणारी माणसं, एका पद्धतीने चालणारा कारभार आयता मिळतो, तो नव्याने उभा करायला वर्षं जातात. मी मराठी माणूस आहे त्यामुळे २१ च्या बाबतीत माझं माप जरा झुकतं हे धरून चाला, पण निकाल बघायचा तर २०१५ च्या जूनमध्ये म्यानमारच्या हद्दीवर जी कारवाई झाली ती ह्याच पलटणीच्या नावावर आहे. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कुपवाड्यात शहीद झालेले साताऱ्याचे कर्नल हे मूळचे २१ चेच, तेव्हा राष्ट्रीय रायफल्सची पलटण सांभाळत होते. नंतर त्यांच्या पत्नी स्वतः परीक्षा देऊन लेफ्टनंट झाल्या. कन्व्हर्ट केलेली पलटण कच्ची राहते असं म्हणणाऱ्यांनी हेही मोजावं.

एक गोष्ट ह्या सगळ्या वादात निसटते. कन्व्हर्ट झाल्यावर २१ फक्त मराठ्यांची राहिली नाही, सगळ्या देशातून हात वर केलेली माणसं तिच्यात येतात. त्यामुळे 'आपली मराठा पलटण आहे, तिथे आपल्या पोराला सोपं जाईल' हे जे काही काका लोक चहाच्या टपरीवर सांगतात त्याला काही अर्थ नाही.

प्रोबेशन म्हणजे काय हे थोडक्यात. साधारण तीन महिने, पलटणीप्रमाणे कमीजास्त. त्या काळात रँक नसते, ऑफिसर असो की शिपाई, दोघंही फक्त प्रोबेशनर, एकाच वेळी चिखलात. १०, २०, ३०, ४० किलोमीटर पिठ्ठू आणि हत्यार घेऊन, आणि मैलांपेक्षा वाईट म्हणजे झोप. रात्रभर चालवून पहाटे नकाशा हातात देतात आणि विचारतात आपण कुठे आहोत. दमलेल्याला जखमी झालेला साथीदार म्हणून दुसरा दमलेला उचलायला लावतात. इथे छाती किती फुगते ह्याचा उपयोग नसतो, चौथ्या रात्री तू चिडतोस का, बाजूच्याचं पाणी पितोस का, हे तिथले जुने जवान बघत असतात आणि त्यांचं मत साहेबांइतकंच चालतं. मेघदूतच्या वेळी जे एका माणसाच्या नजरेने व्हायचं ते आता पूर्ण टीमच्या नजरेने होतं एवढाच फरक.

टोपीचं पण सांगतो कारण फ्लेक्सवाले हमखास चुकवतात. आग्र्याला पाच उड्या झाल्या, त्यातली एक रात्रीची, की विंग, म्हणजे उडी मारणाऱ्याचा पंखांचा बिल्ला, मिळतात. पॅराशूट रेजिमेंटचा प्रत्येक जण मरून टोपी घालतो, तो एसएफ असेलच असं नाही. एसएफवाल्याच्या खांद्यावर तसं लिहिलेलं असतं आणि छातीवर देवनागरीत 'बलिदान' लिहिलेला बिल्ला, खंजीर आणि पंख असलेला. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये आपल्या विकेटकीपरच्या ग्लोव्हवर हा बिल्ला दिसला आणि केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल. त्याच्यानंतर हा बिल्ला बाजारात स्टिकर होऊन आला, स्कूटीवर, हेल्मेटवर, रिक्षाच्या काचेवर. ज्यांनी कमावलाय त्यांना काय वाटत असेल देव जाणे.

आता आपल्या शेजारचं. नेरूळहून उरण लोकल पकडली की शेवटी जिथे उतरतो तिथून करंजा जवळ, आणि करंजाला आयएनएस अभिमन्यू, म्हणजे मार्कोसचं घर. नवी मुंबईतली निम्मी पोरं करंजाला रेवसची बोट पकडायला जातात आणि त्यांना हे माहीत नसतं. १९८७ ला नौदलाने ही फोर्स उभी केली, तेव्हा नाव वेगळं होतं, मार्कोस हे पुढे नव्वदीत झालं. लगेच त्याच वर्षी श्रीलंकेत जाफन्याजवळ रात्री पोहत जाऊन गुरुनगरची जेटी उडवली. इथेही तोच नियम, आधी नौदलात खलाशी किंवा ऑफिसर, मग स्वेच्छेने अर्ज. तीन दिवसांच्या पहिल्या चाचणीतच बहुतेक गळतात, पुढे काही आठवडे निवडीचेच, मग खरं ट्रेनिंग, ज्यात पाण्याखालचं, उडीचं, सगळं धरून जवळपास दोन वर्षं जातात. त्यामुळे पाम बीचवर पळून पळून पाय कितीही तयार केले तरी पाण्याची भीती असेल तर इकडे बघूच नये.

२००८ नंतर आपल्या भागात चित्र बदललं. २६ नोव्हेंबरच्या रात्री ताजमध्ये पहिले मार्कोस पोचले, एनएसजीला, म्हणजे केंद्राच्या ब्लॅक कॅट कमांडोंना, मानेसरहून यायला सकाळ झाली, आणि त्यावरून जो राग उसळला त्यातून २००९ ला मुंबईत एनएसजीचा हब (कायमचा तळ) आला आणि राज्य सरकारने पोलिसांतून फोर्स वन ही कमांडो तुकडी काढली. पहिल्या वेळी तीनेक हजार पोलिसांनी अर्ज केला आणि त्यातून २१६ घेतले असं तेव्हा छापून आलं होतं. एनएसजीतही कोणी थेट जात नाही, सैन्यातून किंवा केंद्रीय पोलीस दलांतून डेप्युटेशनवर जातात, काही वर्षांनी परत. ठाण्याच्या पोरांच्या दृष्टीने फोर्स वन हा सगळ्यात जवळचा रस्ता आहे कारण पोलीस भरती इथलीच, भाषा आपली, आणि घर सुटत नाही. फ्लेक्सवर नेमकी हीच नसते.

सुरुवातीला म्हटलेला तो अपवाद म्हणजे हवाई दलाचे कमांडो, गरुड. २००४ ला उभे राहिले आणि इथे एअरमन भरतीतूनच पोरं गरुडसाठी घेण्याची पद्धत ठेवली. पण दार वेगळं म्हणून आतलं सोपं नाही, ट्रेनिंग वर्षाच्या वर चालतं आणि जमलं नाही तर गरुड होता येत नाही.

आणि आता सगळं अडकलंय ते २०२२ मध्ये. १४ जूनला अग्निपथ ही अग्निवीर भरतीची योजना जाहीर झाली, चार वर्षं नोकरी, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत कायम. मुंब्र्याला कौशाच्या स्टेडियमवर त्याच सप्टेंबरमध्ये रॅली झाली तेव्हा रांगेतल्या पोरांना हा हिशोब फार कोणी समजावला नव्हता. साधं ट्रेनिंग सहा महिने, मग पलटण, मग प्रोबेशन, मग स्पेशल ट्रेनिंग, ह्यात दोन-अडीच वर्षं गेली तर हातात उरतं काय? फौज एवढा खर्च करून तयार केलेला माणूस दीड वर्षात सोडणार का, की असे सगळे त्या २५ टक्क्यांतच बसवणार? एका बाजूचं म्हणणं की विशीतलं पोरगं लवकर मिळतं हे चांगलंच आहे, दुसऱ्या बाजूचं की ह्या कामात माणूस पाचव्या-सहाव्या वर्षी खरा उपयोगाला येतो. मला दुसरं पटतं, कारण १९६५ पासूनचा सगळा इतिहास मुरलेल्या माणसांचा आहे.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नौदलाने मार्कोसचं दार महिलांसाठी उघडायचं ठरवल्याची बातमी आली. अट एकच सांगितली गेली, कसोटी तीच, सूट नाही, आणि कोणाला थेट घेणार नाही, इच्छा असेल तिने नाव द्यायचं. पुढच्या मार्चमध्ये ओडिशातल्या चिल्काहून अग्निवीरांची पहिली बॅच बाहेर पडली तिच्यात २७३ मुली होत्या, म्हणजे नाव द्यायला मुली आता खात्यात आहेत. बेलापूरच्या मैदानावर हल्ली मुलींचा ग्रुप वेगळा पळतो, त्यातल्या काही जणी नेरूळला पोहायलाही जायला लागल्यात.