पत्त्यांची यादी रिकामी झाली तेव्हा

२० ऑक्टोबर २०२५ रोजी स्नॅपचॅट, सिग्नल, रोब्लॉक्स अशी एकमेकांशी काहीही संबंध नसलेली ॲप्स एकदमच ठप्प झाली. असं काही झालं की सायबर हल्ला, सौरवादळ वगैरे कारणं सांगणारे संदेश लगेच फिरू लागतात आणि पुढे पाठवणाऱ्या कोणालाही पुराव्याची गरज वाटत नाही. ॲमेझॉनने खरं कारण नंतर तपशीलवार जाहीर केलं. त्यांच्या उत्तर व्हर्जिनियातल्या क्लाउडमध्ये, म्हणजे इतर कंपन्यांना भाड्याने दिलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यात, डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या नावापुढची पत्त्यांची यादी रिकामी झाली होती. या सेवेवर विसंबलेलं बाकीचं सगळं मग एकापाठोपाठ एक अडकत गेलं.

हे नीट कळायचं तर अशी यादी मुळात तयार कशी होते ते पाहायला हवं. क्लाउडमधली सगळ्यात देखणी कल्पना मला तिथेच दिसते.

अशा यादीतली नोंद म्हणजे सहसा एक एंडपॉइंट: आयपी पत्ता आणि पोर्ट यांची जोडी. उदाहरणार्थ, पत्ता १०.०.०.५ आणि पोर्ट ८०८०. पत्त्यावरून यंत्र सापडतं, पोर्टवरून त्या यंत्रावर चाललेला नेमका प्रोग्रॅम. पोर्टचा आकडा १६ बिटांचा असल्यामुळे तो ६५,५३५च्या पुढे जात नाही. अशा जोड्यांचा एक गट करतात आणि लोड बॅलन्सर येणारी प्रत्येक विनंती गटातल्या कोणा एकाकडे धाडतो. गूगलकडे हा गट नेटवर्क एंडपॉइंट ग्रुप, ॲमेझॉनकडे टार्गेट ग्रुप.

पूर्वी ॲडमिन हाताने कॉन्फिगरेशन फाइल बदलायचा. क्लाउडमध्ये सर्व्हर सतत उभे राहतात आणि बंद होतात, तिथे ते निभणार नाही. म्हणून गटाची माहिती कोडमध्ये लिहितात. २०१४मध्ये आलेलं टेराफॉर्म हे साधन त्यासाठी खूप वापरलं जातं. त्या फाइलमध्ये ‘आधी हा पत्ता जोड, मग तो काढ’ असे हुकूम नसतात. ‘या गटात हे तीन एंडपॉइंट असावेत’ एवढंच वर्णन असतं. प्रत्यक्षात काय आहे ते टेराफॉर्म तपासतं, फरक काढतं, अधिक चिन्ह लावून काय जोडणार आणि उणे चिन्ह लावून काय काढणार ते आधी दाखवतं, आणि होकार मिळाला की तेवढंच करतं. तीच फाइल पुन्हा चालवली तर काहीच घडत नाही, कारण फरकच उरलेला नसतो.

अनेक यंत्रांवर प्रोग्रॅम चालवून ते सांभाळणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीमध्ये ही तुलना माणसाशिवाय अखंड चालू असते. ती करणारा कंट्रोलर पाण्याच्या टाकीतल्या फ्लोटसारखा वागतो. नळ किती वेळा उघडला याचा हिशेब फ्लोट ठेवत नाही, आत्ता पातळी किती एवढंच पाहतो. त्यामुळे मधला एखादा संदेश हरवला, किंवा कंट्रोलर स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी यादी अखेर बरोबर होते. ‘एक सर्व्हर वाढला’, ‘एक कमी झाला’ अशा बातम्यांची नुसती बेरीज-वजाबाकी करणारी यंत्रणा एक बातमी हुकली की कायमची चुकली असती.

पूर्वी इथे एका सेवेचे सगळे एंडपॉइंट एकाच नोंदीत असायचे. एक पत्ता बदलला तरी अख्खी नोंद प्रत्येक यंत्राकडे पुन्हा जायची. नोंद १ एमबीची आणि यंत्रं ५,००० असली तर एका बदलापायी ५ जीबी! आता तिचे तुकडे करतात, एकात सहसा जास्तीत जास्त १०० एंडपॉइंट, आणि बदललेला तुकडाच पाठवतात.

एक प्रश्न मात्र वर्णनाने सुटत नाही. दोन वर्णनं हाताशी असतील तर ताजं कुठलं? ॲमेझॉनमध्ये एक प्रोग्रॅम पत्त्यांचे आराखडे बनवत होता आणि तीन स्वतंत्र प्रोग्रॅम ते लागू करत होते. त्या तिघांतला एक रेंगाळला. आपल्याकडचा आराखडा चालू आराखड्यापेक्षा नवा आहे, हे त्याने काम सुरू करताना तपासलं होतं. पण प्रत्यक्ष लिहायची वेळ येईपर्यंत दुसऱ्याने त्याहून बराच नवा आराखडा लागू केला होता. रेंगाळलेल्याने त्यावर आपला जुना लिहिला. दुसऱ्याने त्याच सुमारास जुने आराखडे पुसायला घेतले होते. त्यात हाही पुसला गेला, आणि त्याच्याबरोबर सगळे पत्ते. यंत्रणा अशी अडकली की पुढचे आराखडेही लागू होईनात; शेवटी माणसांनी हाताने दुरुस्ती केली. दोष निघेपर्यंत हे सगळे प्रोग्रॅम ॲमेझॉनने जगभर बंद ठेवले.

अशा घोळावर संगणकशास्त्रात जुना इलाज आहे: तपासणी आणि लेखन वेगळं होऊच द्यायचं नाही. कुबरनेटीस प्रत्येक नोंदीला आवृत्तीची खूण लावतं. बदल लिहिणारा प्रोग्रॅम आपण कोणती आवृत्ती वाचली होती ते सोबत सांगतो. मधल्या काळात दुसऱ्या कोणी ती नोंद बदलली असेल तर ४०९ हा कोड देऊन लेखन नाकारलं जातं, आणि त्या प्रोग्रॅमला नोंद पुन्हा वाचून फरक नव्याने काढावा लागतो.