श्लेष्मात अडकतो कोण?

शेंबूड आणि बेडका हे शब्द ऐकताच आपण नाक मुरडतो. पण नाक, घसा, आतडी आणि योनिमार्ग येथे रोगजंतूची पहिली गाठ पडते ती या बुळबुळीत श्लेष्माशीच. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे जीवभौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड कोन यांनी आपल्या कारकिर्दीचा उत्तरार्ध त्याच्याच अभ्यासात घालवला.

त्यांची सुरुवात मात्र डोळ्यापासून झाली. दृष्टिपटलातील ऱ्होडॉप्सिन हे प्रथिन पेशीपटलात स्वतःभोवती गरगर फिरते, म्हणजेच पेशीपटल तेलासारखे प्रवाही असते, हे त्यांनी १९७२ साली मोजून दाखवले. पुढे श्लेष्माकडे वळल्यावरही, एखादा कण किती वेगाने सरकतो आणि कशाला चिकटतो, हाच त्यांचा प्रश्न राहिला.

श्लेष्म म्हणजे गाळणी, मोठे अडकते आणि लहान सुटते, असे वाटणे साहजिक आहे. २००१ साली कोन यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या श्लेष्मात सुमारे ५५ नॅनोमीटरचे, पॅपिलोमा विषाणूसारखे कण सोडले, तेव्हा ते जवळजवळ खारट पाण्यात फिरावेत तसे मोकळे फिरले. त्याच आकाराचे प्लॅस्टिकचे मणी मात्र जागच्या जागी चिकटून बसले. सुमारे १८० नॅनोमीटरचा नागिणीच्या कुळातील हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूही शेकडो पटींनी मंदावला, तोही मुख्यतः श्लेष्माची जाळी विणणाऱ्या म्युसिन या प्रथिनाच्या धाग्यांना चिकटल्यामुळे. जाळीच्या भोकांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, महत्त्व चिकटपणाला आहे, ही मला या साऱ्या कामातली सर्वांत रोचक गोष्ट वाटते.

योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि अशा आम्लधर्मी श्लेष्मात एचआयव्हीचे कण जखडले जातात. वीर्य अल्कधर्मी असल्याने ही आम्लता ओसरते. ती टिकवून धरण्यासाठी कोन आणि सहकाऱ्यांनी बफरजेल हे योनिमार्गात लावायचे जेल बनवले, ज्याच्या सुरक्षिततेच्या प्राथमिक चाचणीत पुण्यातील स्त्रियाही होत्या. मात्र आफ्रिका व अमेरिकेतील सुमारे ३,१०० स्त्रियांवरील मोठ्या चाचणीत, २००९ साली, त्याने एचआयव्हीपासून संरक्षण दिल्याचे दिसले नाही.

संशोधन येथे थांबले नाही. गवतात फिरताना कपड्यांना कुसळे लागतात, त्यातले एकेक सहज निघते, पण शेकडो असली की झटकून जात नाहीत. हर्पीस विषाणूवर बसलेली प्रतिपिंडेही (रोगजंतूंविरुद्ध शरीर बनवते ती प्रथिने) तशीच म्युसिनला क्षणभर, हलकेच चिकटतात आणि पुष्कळ असली की विषाणूला रोखून धरतात, असे २०१४ साली कोन सहभागी असलेल्या गटाला आढळले. उंदरांमध्ये अशा प्रतिपिंडांनी संसर्गापासून संरक्षण दिले, पण योनिमार्गातील श्लेष्म धुऊन टाकताच ते नाहीसे झाले.