शुक्राणूंवरच्या मिथाइल खुणा: अहवालावर विश्वास ठेवण्याआधी

वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत यांच्या खालच्या मर्यादा अशा आहेत: दर मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू, ४२ टक्के हालचाल, ४ टक्के योग्य आकार. शुक्राणूंच्या आत काय आहे, हे या आकड्यांतून कळत नाही. आतल्या गोष्टींपैकी एक म्हणजे डीएनएचे मिथिलीकरण, म्हणजे डीएनएवर बसणाऱ्या मिथाइल खुणा.

डीएनएच्या अक्षरांत जिथे सायटोसिननंतर लगेच ग्वानिन येते, तिथे सायटोसिनवर मिथाइल गट हा छोटा रासायनिक गट बसू शकतो. अक्षरक्रम तोच राहतो, पण जनुक चालू की बंद हे बऱ्याचदा या खुणांवर ठरते. भावी जननपेशींतल्या जुन्या खुणा गर्भावस्थेतच पुसल्या जातात. मुलग्यांमध्ये नव्या खुणा बसण्याचे काम जन्माआधीच सुरू होते. हे काम बिघडले तर काय होते, ते उंदरांत दिसले आहे: डीएनएमटी३एल हे प्रथिन नसलेल्या नराच्या जननपेशींत एरवी दडपलेले 'उड्या मारणारे' डीएनए-तुकडे जागे होतात, पेशीविभाजन अडते आणि नर वंध्य राहतो.

माणसात पुरावा इतका थेट नाही. सर्वाधिक अभ्यास एच१९ आणि एमईएसटी या जनुकांचा झाला. निरोगी शुक्राणूत एच१९ जवळच्या नियंत्रक भागावर जवळपास १०० टक्के खुणा असतात, तर एमईएसटीच्या नियंत्रक भागावर जवळपास शून्य. संख्या कमी असलेल्या पुरुषांत पहिला आकडा घसरलेला आणि दुसरा चढलेला अनेकदा आढळला. ही फक्त सांगड आहे. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्यावरून ठरत नाही.

शिवाय यात एक सापळा आहे. वीर्यात शुक्राणूंबरोबर रक्तातल्यासारख्या पांढऱ्या पेशीही असतात, आणि त्यांच्यात या दोन्ही ठिकाणी सुमारे ५० टक्के खुणा असतात. समजा नमुन्यात दर मिलिलिटरला २० लाख शुक्राणू आणि ५ लाख पांढऱ्या पेशी आहेत. शुक्राणूत गुणसूत्रांचा एकच संच असतो, पांढऱ्या पेशीत दोन. म्हणजे डीएनएच्या एकूण ३० लाख प्रतींपैकी १० लाख परक्या. शुक्राणू अगदी निर्दोष असले तरी एच१९ चे मिथिलीकरण ८३ टक्के दिसेल आणि एमईएसटीचे १७ टक्के. म्हणजे आजारात दिसते तेच चित्र! तेवढ्याच पांढऱ्या पेशी ५ कोटी शुक्राणूंत असत्या, तर एच१९ चा आकडा ९९ टक्के आला असता. वर, ५ लाख पांढऱ्या पेशी हे प्रमाण १० लाखांच्या प्रचलित मर्यादेच्या आत असल्याने नेहमीच्या अहवालात त्याची दखलही घेतली जात नाही.

म्हणून नमुना आधी ०.१ टक्का एसडीएस आणि ०.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० ही साबणासारखी रसायने असलेल्या द्रावणात बर्फावर ठेवतात. त्यात इतर पेशी फुटतात. शुक्राणूंची डोकी टिकतात, कारण त्यांचा डीएनए प्रोटामिन या प्रथिनाभोवती गंधकाच्या बंधांनी घट्ट आवळलेला असतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, परक्या पेशी उरल्या असतील तर पुन्हा धुतात. डीएनए काढताना मात्र तेच बंध सोडवावे लागतात. त्यासाठी डीटीटी हे बंध तोडणारे रसायन घालतात, नाहीतर डीएनए फारच कमी निघतो. पुढे बायसल्फाइट या रसायनाच्या प्रक्रियेत खूण नसलेले सायटोसिन बदलून युरासिल हे वेगळे अक्षर बनते, खूण असलेले तसेच राहते. प्रक्रिया अर्धवट झाली तर कोरी जागाही खुणेची वाटते, म्हणून खुणा नसलेला विषाणूचा डीएनए सोबत घालून रूपांतर ९९ टक्क्यांच्या वर गेले का, हे तपासतात. शेवटी डीएनएवरचे डीएलके१ हे ठिकाण पाहतात. शुक्राणूत ते कोरे आणि शरीरपेशींत खुणांनी भरलेले असते. तिथे खुणा दिसल्या, तर नमुना अजून शुद्ध नाही.

डीएनए फ्रॅगमेंटेशनची चाचणी वेगळी: ती डीएनएचे तुकडे मोजते, मिथाइल खुणा नव्हे. मिथिलीकरणाची चाचणी अजून नेहमीच्या तपासणीचा भाग नाही.

खुणा 'सुधारण्यासाठी' फॉलिक आम्ल घ्यावे का? शरीरात मिथाइल गट पुरवणाऱ्या रासायनिक साखळीत फोलेट (फॉलिक आम्लाचे नैसर्गिक रूप) आहे, म्हणून कल्पना पटते. पण अमेरिकेतल्या २,३७० जोडप्यांच्या चाचणीत पुरुषांना सहा महिने रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल आणि ३० मिलिग्रॅम जस्त देऊनही जिवंत जन्मांचे प्रमाण वाढले नाही; उलट डीएनएचे तुटणे थोडे जास्त आढळले. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू सोडणे मात्र कुठल्याही चाचणीची वाट न पाहता करावे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस आणि बाहेर पडण्याजोगे व्हायला आणखी एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे नवा नमुना तीन महिन्यांनी, २ ते ७ दिवसांच्या लैंगिक संयमानंतर द्यावा.