कलांचो

कलांचो (कलांचो ब्लॉसफेल्डियाना, कुल क्रॅस्युलेसी) ही मांसल पानांची, जेमतेम फूट-दीड फूट वाढणारी शोभेची बहुवर्षायू वनस्पती. मूळची मादागास्कर बेटावरची. पॉट्सडामचे जर्मन रोपवाटिकाकार रोबर्ट ब्लॉसफेल्ड यांनी १९३२ मध्ये ती बागप्रेमींपर्यंत पोचवली. नावातला दुसरा शब्द त्यांचाच. पाने जाड, चकचकीत, कडेला कातरलेली. चार पाकळ्यांची लहान फुले गुच्छांनी येतात आणि कित्येक आठवडे टिकतात. लाल, केशरी, पिवळा, गुलाबी, पांढरा असे रंग मिळतात. दुहेरी पाकळ्यांचे संकरित प्रकारही आहेत.

आपल्या परसातली पानफुटी हिचीच सख्खी भावंड. पानफुटीचे पान पहाटे आंबट लागते आणि दिवस चढेल तसा आंबटपणा ओसरतो, हे बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात असताना चाखून नोंदवले. त्याचे ते पत्र १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले. कारण पुष्कळ नंतर उलगडले. या वनस्पती दिवसा पर्णरंध्रे (पानांवरची बारीक छिद्रे) मिटून पाणी राखतात, रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि तो आम्लाच्या रूपात साठवून उजेडात वापरतात. पाण्याशिवाय आठवडा सहज निघतो तो यामुळे.

म्हणूनच हे झाड तहानेने क्वचित मरते. बहुधा जास्त पाण्याने मुळे कुजून मरते. मातीत बोट खुपसावे, इंचभर खोलपर्यंत कोरडी लागली तरच पाणी द्यावे, तेही पानांवर न ओतता. पोयटा माती, जाड वाळू आणि थोडे कोकोपीट असे भुसभुशीत मिश्रण चालते; कुंडीच्या भोकातून पाणी निथळलेच पाहिजे. पावसाळ्यात कुंडी आडोशाला घ्यावी. सकाळचे ऊन मानवते, वैशाखातले दुपारचे ऊन पाने भाजते. उजेड कमी पडला की फांद्या लांबुडक्या होतात. पिठ्या ढेकूण (पिठासारखी पांढरी कीड) दिसल्यास ओल्या कापडाने पुसून काढावेत.

फुले सुकली की अनेक जण रोप टाकून देतात, याचे वाईट वाटते. कलांचोला कळ्या धरायला लांब रात्र लागते: साधारण सहा आठवडे, रोज तेरा-चौदा तास सलग अंधार. ऑक्टोबरपासून आपल्याकडे रात्र दिवसापेक्षा मोठी होते, पण दिवाणखान्यातली ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत जळत असेल तर झाड उन्हाळाच समजते. संध्याकाळी सहाला कुंडीवर खोका पालथा घालावा, सकाळी आठला काढावा. सुकलेले गुच्छ आधीच छाटून टाकावेत.

नवे रोप फांदीच्या शेंड्यापासून होते. तीन-चार इंचांचा तुकडा दोन दिवस सावलीत ठेवून काप सुकू द्यावा, मग लावावा.

पानफुटीची पाने घरगुती औषधात वापरतात, एवढ्यावरून कलांचोची पाने खाऊ नयेत. या झाडात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात; मांजर, कुत्रा आणि गुरांच्या तोंडी ते लागू देऊ नये.